गर्दीच्या मेल सर्व्हरवर स्पॅम आणि व्हायरस फिल्टर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईत स्वतःचा मेल सर्व्हर सांभाळणारी ऑफिसं अजून बरीच आहेत. फोर्टातले शेअर ब्रोकर, बॅलार्ड पिअरचे कस्टम हाउस एजंट, दादरच्या सीए फर्म, काही कॉलेजं. बहुतेकांची मांडणी सारखीच असते. लिनक्सवर दारात मेल घेणारा-पाठवणारा पोस्टफिक्स, आत मेल उघडून तपासायला देणारा अमाविस, अमाविसच्या पोटात स्पॅम ओळखणारा स्पॅमअसॅसिन आणि शेजारी व्हायरस शोधणारा क्लॅमएव्ही. खालची उत्तरं याच मांडणीला धरून आहेत. प्रश्न फोनवर जसे येतात तसेच ठेवले आहेत.

मेल अर्धा-अर्धा तास उशिरा येतात. रॅम वाढवू की नवा सर्व्हर घेऊ?

आधी वेळ कुठे जातोय ते पाहा. पोस्टफिक्ससोबत क्यूशेप नावाची एक छोटी स्क्रिप्ट येते. कोणत्या रांगेत किती मेल आहेत आणि ते किती वेळ पडून आहेत, हे ती सांगते. डिफर्ड रांग (न पोचलेले, पुन्हा पाठवायचे मेल) फुगली असेल तर अडचण बहुधा पलीकडच्या सर्व्हरची आहे, तुमच्या फिल्टरचा दोष नाही. अॅक्टिव्ह रांग (आत्ता हाताळले जाणारे मेल) भरून वाहतेय आणि तिच्या मागे इनकमिंग (नुकते आलेले) वाढतेय, तर फिल्टरला पेलवत नाहीये.

मग अमाविसची लॉगची पातळी २ करा. प्रत्येक मेलमागे टायमिंगची एक ओळ पडू लागेल. समजा ती म्हणते, एकूण ६,९०० मिलिसेकंद, त्यात व्हायरस तपासणी १८०, अटॅचमेंट उघडणं ९० आणि स्पॅम तपासणी ६,४००. त्याच वेळी व्हीएमस्टॅट (मशीनवरचा ताण दाखवणारी कमांड) लावून पाहिलं तर सीपीयू सत्तर टक्के रिकामा. म्हणजे मशीन काम करत नाहीये, कोणाची तरी वाट बघतंय, आणि वाट बहुतेक वेळा डीएनएसच्या (इंटरनेटवरची नावं-पत्ते सांगणारी सेवा) उत्तराची असते. इथे कितीही रॅम टाकली तरी तो मेल तेवढाच वेळ घेणार. उलट सीपीयू पूर्ण वापरात असेल तर प्रश्न वेगळा, आणि स्वॅप (रॅम अपुरी पडली की डिस्कवर वापरली जाणारी जागा) हलताना दिसला तर आणखी वेगळा. या तिघांवर एकच औषध लागू पडत नाही. दुकानदार मात्र तिघांनाही नवा सर्व्हरच सुचवतो.

फिल्टरच्या प्रोसेस किती ठेवायच्या?

हिशोब सोपा आहे. सेकंदाला येणारे मेल गुणिले एका मेलला लागणारे सेकंद, तेवढ्या प्रोसेस एका वेळी गुंतलेल्या असतात. गर्दीच्या वेळी सेकंदाला ५ मेल येतात आणि प्रत्येकाला १.६ सेकंद लागतात, तर ८ प्रोसेस हव्यात. थोडी हवा म्हणून १० ठेवा.

आता दुसरी बाजू. त्या १.६ सेकंदांपैकी सीपीयूचं खरं काम अर्ध्या सेकंदाचं असेल आणि मशीनला ४ कोअर असतील, तर सेकंदाला ८ मेलच्या वर ते मशीन जाणारच नाही. प्रोसेस ४० केल्या तरी नाही. फक्त चाळीस मेल एकदम अर्धवट शिजत पडतील आणि प्रत्येकाला पाच सेकंद लागतील. त्यात स्पॅमअसॅसिनचे नियम पोटात घेतलेली एक-एक प्रोसेस शंभर एमबीच्या वर जाते. रॅम संपली की स्वॅप सुरू होतो, आणि फिल्टर स्वॅपमध्ये गेला की त्या दिवसाचं गणितच संपलं. म्हणून संख्या हळूहळू वाढवा, आणि सेकंदाला निघणारे मेल वाढायचे थांबले की तिथेच थांबा.

अमाविसमध्ये ही संख्या मूळची फक्त २ असते. ती बदलली की पोस्टफिक्सच्या मास्टर फाइलमध्ये अमाविसकडे जाणाऱ्या वाटेची मर्यादाही तेवढीच करायची. पोस्टफिक्सची मर्यादा जास्त राहिली तर जादाची कनेक्शन अमाविसच्या दारात ताटकळतात आणि टाइमआउट होऊन परत येतात. लॉगमध्ये ते नेटवर्कच्या बिघाडासारखं दिसतं आणि माणूस भलत्याच ठिकाणी शोधत बसतो.

सकाळपासून सगळं ठीक असतं, मग अचानक पाच-दहा मिनिटं सर्व्हर बसतो आणि आपोआप उठतो. हे काय आहे?

याचं कारण मी इतक्या ठिकाणी पाहिलंय की हल्ली पहिला प्रश्न तोच विचारतो: अमाविसमध्ये बॅकअप स्कॅनर कोणता आहे?

क्लॅमएव्हीचे दोन चेहरे आहेत. क्लॅमडी हा कायम चालू असणारा डेमन. सिग्नेचरचा, म्हणजे व्हायरस ओळखण्याच्या खुणांचा, सगळा साठा तो एकदाच रॅममध्ये घेतो, एक जीबीच्या वर, आणि मग प्रत्येक फाइल क्षणात तपासतो. क्लॅमस्कॅन ही सुटी कमांड. ती दरवेळी तोच साठा डिस्कवरून पुन्हा वाचते आणि एका फाइलसाठी कित्येक सेकंद घेते. अमाविसच्या मूळच्या फाइलमध्ये क्लॅमस्कॅन बॅकअप म्हणून लिहिलेला असतो.

आता नव्या सिग्नेचर येतात तेव्हा काय होतं ते पाहा. २०२० मध्ये आलेल्या ०.१०३ आवृत्तीपासून क्लॅमडी जुना साठा चालू ठेवून शेजारी नवा भरतो. तपासणी थांबत नाही, पण तेवढ्या वेळापुरती रॅम जवळपास दुप्पट लागते. मशीन ४ जीबीचं असेल आणि वर दहा प्रोसेस असतील, तर इथेच स्वॅप सुरू होतो. क्लॅमडी मंदावतो, अमाविसला वेळेत उत्तर मिळत नाही, आणि तो बॅकअपकडे वळतो. दहा मेल, दहा क्लॅमस्कॅन, प्रत्येकाचा एक-एक जीबी. पुढचं सांगायला नको. काही मिनिटांनी लिनक्सचा कर्नल रॅम मोकळी करायला कोणत्या तरी प्रोसेसला मारतो आणि सर्व्हर 'आपोआप' उठतो.

उपाय: बॅकअपची ती नोंद काढून टाका. क्लॅमडीने उत्तर दिलं नाही तर मेल तात्पुरता थांबू दे, पाठवणारा पुन्हा येतो. रॅम खरंच कमी असेल तर क्लॅमएव्हीचं शेजारी साठा भरणं बंद करता येतं. मग भरेपर्यंत तपासणी थोडी थांबते, पण मशीन जिवंत राहतं. आणि तासातासाला बदलणाऱ्या बाहेरच्या सिग्नेचर लावल्या असतील, तर प्रत्येक बदलाला साठा नव्याने भरला जातो हे लक्षात ठेवा. त्या फिशिंग पकडायला कामाच्या असतात, म्हणून काढू नका. दिवसातून तीन-चारदा उतरवल्या तरी भागतं.

फिल्टरपर्यंत येण्याआधीच किती कचरा अडवता येतो?

बराचसा, आणि खरी बचत तिथेच आहे. स्पॅमअसॅसिनला एक मेल वाचायला लागणाऱ्या वेळात पोस्टफिक्सचा पोस्टस्क्रीन शेकडो कनेक्शन निकालात काढतो. हा भाग २०११ मध्ये पोस्टफिक्स २.८ सोबत आला. तो अभिवादनाची अर्धी ओळ देऊन सहा सेकंद थांबतो. खरा मेल सर्व्हर पूर्ण ओळीची वाट बघतो. घाईतला बॉट (स्पॅम पाठवणारा प्रोग्राम) मध्येच बोलायला लागतो आणि तिथेच पकडला जातो. त्याच सहा सेकंदांत काळ्या याद्यांची (स्पॅम पाठवणाऱ्या आयपींच्या याद्या, डीएनएसमधून विचारायच्या) विचारणा होते. याद्यांना वजन देता येतं, म्हणजे एका यादीच्या चुकीमुळे कोणाचा मेल अडत नाही. एकदा पास झालेला आयपी काही काळ लक्षात राहतो आणि त्याला पुन्हा थांबावं लागत नाही.

पोस्टस्क्रीनच्या आतल्या जादा प्रोटोकॉल चाचण्या मात्र लावू नका. पास झाल्यावरही त्या पाठवणाऱ्याला एकदा परत जायला लावतात.

यानंतरचं स्वस्त काम म्हणजे अस्तित्वात नसलेले पत्ते. तुमच्याकडे दीडशे माणसं आहेत आणि बॉट हजारो नावं चाचपतो. पत्त्यांची यादी दारात असेल तर हे सगळं एका ओळीत संपतं. बॅकअप एमएक्स, म्हणजे मुख्य सर्व्हर बंद असताना मेल घेणारा दुसरा सर्व्हर, ठेवला असेल तर ही यादी आणि हेच सगळे नियम तिथेही हवेत. स्पॅमवाले मुद्दाम मागच्या दाराने येतात. खरं सांगायचं तर छोट्या ऑफिसला बॅकअप एमएक्सची गरजच नसते.

काळ्या याद्यांसाठी गूगलचा ८.८.८.८ वापरला तर काय बिघडतं?

स्पॅमहाउससारख्या याद्या मोठ्या सार्वजनिक रिझॉल्व्हरमधून (डीएनएसची उत्तरं शोधून देणारे सर्व्हर, ८.८.८.८ त्यातलाच) आलेल्या विचारणांना खरं उत्तर देत नाहीत. स्पॅमहाउस अशा वेळी १२७.२५५.२५५.२५४ हा 'विचारणा चुकीच्या वाटेने आली' असा संकेत परत पाठवतो. तुमच्या नियमात 'काहीही उत्तर आलं की नाकार' असं लिहिलं असेल, तर एका सकाळी जगभरचा प्रत्येक मेल परत जायला लागेल. म्हणून स्पॅमहाउसच्या झेन यादीसाठी १२७.०.०.२ ते १२७.०.०.११ एवढीच उत्तरं ग्राह्य धरायची.

सर्व्हरवरच अनबाउंड हा स्वतःचा रिझॉल्व्हर बसवा आणि त्याला कुठेही फॉरवर्ड करू नका, त्याने थेट मुळाकडून विचारावं. फिल्टरचा वेग वाढवणारा इतका स्वस्त बदल दुसरा नाही. स्पॅमहाउसची फुकट सेवा कमी वापराच्या बिगर-व्यावसायिक सर्व्हरसाठी आहे. धंदा असेल तर रीतसर 'की', म्हणजे सेवा वापरण्याची किल्ली, घ्या.

मेलेल्या याद्याही काढा. ओआरडीबी डिसेंबर २००६ मध्ये बंद झाली. तरी लोक विचारत राहिले, तेव्हा मार्च २००८ मध्ये तिने प्रत्येक आयपीला 'स्पॅमर' म्हणायला सुरुवात केली. सॉर्ब्स २०२४ च्या जूनमध्ये बंद झाली, तरी तिचं नाव आजही कॉन्फिग फाइलमध्ये सापडतं. वर सांगितलेले ६,४०० मिलिसेकंद बहुधा अशाच कोणाच्या तरी उत्तराची वाट बघण्यात जातात.

ग्रेलिस्टिंग लावू का?

ग्रेलिस्टिंग म्हणजे अनोळखी पाठवणाऱ्याला पहिल्या वेळी 'थोड्या वेळाने या' सांगणं. दहा वर्षांपूर्वी 'हो' म्हटलं असतं. आज ओटीपी दहा मिनिटांत मरतो आणि मोठे पाठवणारे दरवेळी वेगळ्या आयपीवरून येतात, त्यामुळे त्यांची ओळख पटायला तासही लागू शकतो. सरसकट लावू नका. मधल्या स्कोअरच्या, संशयित मेलपुरतं ठेवता आलं तरच.

दुपारी साडेतीननंतर स्टाफचे मेल अडकतात. आमचं ब्रोकिंगचं ऑफिस आहे.

बाजार साडेतीनला बंद होतो, मग बॅक ऑफिस कॉन्ट्रॅक्ट नोट (दिवसाच्या सौद्यांची ग्राहकाला द्यायची पावती) बनवतं आणि सही केलेल्या हजारो पीडीएफ एका दमात सर्व्हरवर ओतल्या जातात. त्या सगळ्या स्पॅमअसॅसिनमधून जात असतील तर तुम्ही स्वतःच बनवलेल्या पीडीएफ स्पॅम आहेत का, हे तपासण्यात पूर्ण संध्याकाळ घालवताय.

कॉन्ट्रॅक्ट नोटसाठी पोस्टफिक्सचा वेगळा इन्स्टन्स (स्वतःची रांग असलेली दुसरी प्रत) चालवा, शक्य असेल तर वेगळ्या आयपीवर. फक्त बॅक ऑफिसच्या सर्व्हरचा आयपी तिथे मेल टाकू शकेल असं बांधून घ्या आणि त्या वाटेवरून स्पॅम तपासणी काढा. बहुतेक ग्राहकांचे पत्ते जीमेलचे असतात. एकदम फार पाठवलं की जीमेल ४२१, म्हणजे 'नंतर या' असा कोड, देऊन थांबवतं आणि हजारो मेल डिफर्डमध्ये साचतात. वेगळ्या इन्स्टन्सवर ते साचले तर साचू देत, साहेबांचा मेल त्यांच्या मागे उभा राहणार नाही. नियमाप्रमाणे कॉन्ट्रॅक्ट नोट २४ तासांत पोचवायची असते, चार वाजेपर्यंत नाही. तेव्हा वेग मुद्दाम कमी ठेवा.

स्टाफच्या जाणाऱ्या मेलवरची तपासणी मात्र काढू नका. कोणाचा तरी पासवर्ड फुटतो आणि रात्री दोन वाजता त्याच्या नावाने स्पॅम सुटतो. दर माणशी तासाला किती मेल याची मर्यादा घाला, ती कोणत्याही फिल्टरपेक्षा लवकर ओरडते.

पासवर्ड असलेल्या पीडीएफ अडवायच्या का?

क्लॅमएव्हीला कुलूपबंद फाइलच्या आत बघता येत नाही. 'कुलूप दिसलं की इशारा' असे दोन वेगळे पर्याय त्यात आहेत, एक झिपसारख्या आर्काइव्हसाठी आणि एक डॉक्युमेंटसाठी. दुसरा चालू केला तर बँकेचं स्टेटमेंट, म्युच्युअल फंडाचं खातं, कॉन्ट्रॅक्ट नोट सगळं अडेल. आपल्याकडे पॅन हाच अर्ध्या देशाचा पीडीएफ-पासवर्ड आहे. डॉक्युमेंटचा पर्याय बंदच ठेवा. कुलूपबंद झिप अडवून क्वारंटाइनमध्ये टाकणं मला योग्य वाटतं. पासवर्ड मेलमध्येच लिहून पाठवलेल्या झिप हा जुना सापळा आहे. अकाउंट्सवाले दोन दिवस कुरकुर करतील.

मोठ्या अटॅचमेंटचे मेल स्पॅमसाठी तपासायचे का?

नाही. स्पॅमसीची (स्पॅमअसॅसिनकडे मेल तपासायला देणारी त्याचीच कमांड) मर्यादा मूळची ५०० केबी आहे, ती वाढवू नका. गणपती-दिवाळीच्या शुभेच्छांचे चार एमबीचे फोटो शब्द न् शब्द तपासून हाती काही लागत नाही. व्हायरस तपासणी मात्र सगळ्यांना. त्यातही आर्काइव्ह किती थर उघडायचं आणि उघडून किती मोठं होऊ द्यायचं, याची मर्यादा काढू नका. ४२ केबीची एक कुप्रसिद्ध झिप पूर्ण उघडली तर साडेचार पेटाबाइट होते.

टेम्प फोल्डर रॅममध्ये ठेवला तर चालेल?

अमाविस जिथे मेल उघडून पसरतो तो फोल्डर टीएमपीएफएसवर, म्हणजे रॅममधल्या डिस्कवर, जरूर ठेवा, डिस्कचा फार मोठा भार हलका होतो. वीज गेली तरी नुकसान नाही, कारण मूळ मेल पोस्टफिक्सच्या रांगेत आहे. पण ती रांग रॅममध्ये ठेवायची नाही. 'मिळाला' असं सांगून घेतलेला मेल तिथून गेला की कायमचा गेला.

बेझ फिल्टर चालू केला आणि सर्व्हर मंदावला. शिवाय मराठी मेल स्पॅममध्ये जातात.

दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

बेझ म्हणजे शिकवलेल्या मेलमधल्या शब्दांवरून स्पॅम ओळखणारा स्पॅमअसॅसिनचा भाग. मंदावण्याचं कारण बहुधा कुलूप. बेझचा साठा साध्या फाइलमध्ये असेल तर दहा प्रोसेस एकाच फाइलच्या कुलपासाठी भांडतात. त्यातच स्पॅमअसॅसिन मनात येईल तेव्हा जुने शब्द काढायला बसतो, तेही भर गर्दीत. २०१४ च्या ३.४.० आवृत्तीपासून साठा रेडिसमध्ये (रॅममध्ये चालणारा डेटाबेस) ठेवता येतो. ठेवा, आणि हा विषय संपवा. फाइलच ठेवायची असेल तर आपोआप सफाई बंद करून ती रात्रीच्या क्रॉनला (ठरल्या वेळी कामं चालवणारी लिनक्सची सोय) लावा. किमान २०० स्पॅम आणि २०० चांगले मेल शिकवल्याशिवाय बेझ तोंड उघडत नाही, तेव्हा पहिल्या आठवड्यात निराश होऊ नका.

मराठीचं दुखणं मात्र बहुतेक वेळा उचललेल्या कॉन्फिगचं असतं. परदेशातल्या कोणाची तरी फाइल जशीच्या तशी घेतलेली असते, त्यात 'चालणाऱ्या भाषा' म्हणून फक्त इंग्रजी. भाषा ओळखणारं टेक्स्टकॅट प्लगिन चालू असेल तर सोसायटीच्या सेक्रेटरीची मराठी नोटीस परकी भाषा म्हणून स्पॅमचे गुण खाते. तिथे मराठी घाला, पण तेवढ्याने भागत नाही. चार ओळींच्या मेलमध्ये मराठी, हिंदी, नेपाळी, संस्कृत यांत टेक्स्टकॅट गोंधळतो, लिपी एकच ना. चारही घाला. आणि जुनी आवृत्ती असेल तर ४.० वर या. डिसेंबर २०२२ च्या त्या आवृत्तीत इंग्रजीखेरीज भाषांची हाताळणी बरीच सुधारली आहे. शिकवताना चांगल्या मेलच्या ढिगात मराठी मेल भरपूर टाका. सगळा चांगला ढीग इंग्रजी असेल तर बेझ बिचारा काय शिकणार.

पावसात लिंक गेली आणि तीन तासांनी आली की सगळे मेल एकदम येतात आणि सर्व्हर गुदमरतो.

येऊ द्या, पण एकदम आत घेऊ नका. तुम्ही बंद होतात तेव्हा पाठवणाऱ्यांनी मेल टाकून दिलेले नाहीत. बहुतेक सर्व्हर चार-पाच दिवस पुन्हापुन्हा प्रयत्न करतात. त्यामुळे घाईत प्रोसेसची मर्यादा वाढवणं हा सगळ्यात वाईट उपाय. मर्यादा आहे तीच ठेवा, उरलेले थोड्या वेळाने परत येतील. पोस्टफिक्स स्वतःही ताण ओळखतो. सगळ्या प्रोसेस गुंतल्या की तो टाइमआउट ३०० सेकंदांवरून १० वर आणतो. पहिल्याच दिवशी कोणीतरी मेन फाइलमध्ये टाइमआउट हाताने ठोकून ठेवला असेल तर ही सोय निकामी होते, तेवढं तपासा.

रांगेत घेऊन तपासायचं की दारात असतानाच?

दारातच नाकारलं तर निरोप खऱ्या पाठवणाऱ्याला जातो. आत घेऊन मग परत पाठवलं तर तो ज्याचं नाव खोटं वापरलंय त्या निष्पाप माणसाला जातो, आणि काळ्या यादीत तुम्ही जाता. पण दारात तपासायचं तर गर्दीतही सेकंदा-दोन सेकंदांत निकाल देणारं मशीन हवं. तेवढं बळ नसेल तर आत घ्या, स्पॅमवर शिक्का मारा किंवा क्वारंटाइन करा. बाउन्स कधीच नाही.

हे सगळं सोडून आरस्पॅमडी लावला तर?

आरस्पॅमडी हा स्पॅमअसॅसिनच्या जागी बसणारा स्पॅम फिल्टर. नव्याने उभारत असाल तर तोच लावा. तो सी भाषेत लिहिलेला आहे, डीएनएसची वाट बघताना एक प्रोसेस दुसरे शेकडो मेल हाताळते, आणि पर्लमध्ये लिहिलेल्या स्पॅमअसॅसिनच्या मानाने फारच कमी सीपीयू घेतो. दारातच तपासणं त्याच्यामुळे परवडतं. क्लॅमएव्ही मात्र त्यालाही बाजूला लागतोच, आणि त्याची रॅमही. चालू सेटअप नीट असेल, वर्षानुवर्षं घडवलेले नियम असतील, तर अनबाउंड आणि पोस्टस्क्रीन लावून आधी काय फरक पडतो ते पाहा. बऱ्याच ठिकाणी तेवढ्यावरच भागतं.

बदल केल्यावर सगळं चालतंय हे कसं कळणार?

दोन निरुपद्रवी नमुने आहेत. व्हायरससाठी ६८ अक्षरांची आयकारची ओळ आणि स्पॅमसाठी जीट्यूब. दोन्ही बाहेरच्या खात्यावरून स्वतःला पाठवा. दोन्ही अडले पाहिजेत. मग आयकार झिपमध्ये घालून पाठवा, आणि शेवटी क्लॅमडी मुद्दाम बंद करून एक साधा मेल पाठवा. तो तात्पुरता थांबला पाहिजे. सरळ आत आला तर तुमचा सर्व्हर व्हायरस न तपासता मेल देतोय. १५ एप्रिल २०१० ला क्लॅमएव्हीने ०.९५ पेक्षा जुन्या आवृत्त्या एका सिग्नेचरनेच बंद पाडल्या, तेव्हा आपला सर्व्हर कोणत्या बाजूने पडतो (मेल थांबवतो की न तपासता देतो) हे जगभर अनेकांना त्याच दिवशी कळलं.

लॉग किती दिवस ठेवायचे? डिस्क भरते.

सर्ट-इनच्या (सायबर घटना हाताळणारी केंद्र सरकारची संस्था) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे १८० दिवस. घटना घडली तर सहा तासांत कळवायचं असतं, आणि त्या वेळी घड्याळ चुकलेलं असेल तर लॉगचा उपयोग नाही, म्हणून घड्याळ आपोआप जुळवणारं एनटीपी लावलेलं हवं. अमाविसची पातळी २ मोजमाप झालं की खाली आणा, डिस्क बहुतेक तिच्यामुळेच भरतेय. उरलेले लॉग रोज रात्री दाबून दुसऱ्या मशीनवर हलवा.